झोपलेल्याला उठवायचं नाही

काशीला जाऊन आलं की एखादी आवडती भाजी किंवा फळ कायमचं सोडायचं, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. तिथे कारलं सोडून येणारे महाभागही पुष्कळ. आयुष्यात ज्याला कधी हात लावला नाही ते गंगेला अर्पण करून, आंब्याच्या दिवसांत निर्धास्तपणे दुसरी फोड उचलणारे.

रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायच्या खेळात, शमनाचं (आत्म्यांकडून शक्ती मिळवणाऱ्या मांत्रिकाचं) कॅरेक्टर करायला बसलेला खेळाडू पहिल्यांदा हेच करतो. 'माझा शमन एकशिंगी घोड्याचं मांस खात नाही.' उत्तम. एकशिंगी घोडा ताटात कधी येणार? दोन वर्षांच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे सलग चालणाऱ्या गोष्टीत, एकदा आला तर आला. तोवर ते पथ्य कॅरेक्टर शीटच्या कोपऱ्यात लिहिलेलं कारलं.

पथ्य कशासाठी, तर शक्तीची किंमत म्हणून. गेमच्या दुनियेत ही कल्पना नवी नाही. 'रूनक्वेस्ट' 1978 साली आला. या गेमच्या पुस्तकांत मृत्यूदेव हुमाक्तच्या उपासकाला वरदान मिळतं ते एखाद्या बंधनासकट. 1985 च्या 'ओरिएंटल अ‍ॅडव्हेंचर्स' या नियमपुस्तकातला वू जेन हा जादूगार असाच: कुणी मांस खायचं नाही, कुणी अंघोळ करायची नाही, कुणी अमुक दिशेला तोंड करून बसायचं नाही. वाचायला गंमत वाटते, पण खेळताना यांतलं बरंचसं हवेत विरून जातं. कारण टेबलावर कुणी अंघोळ करत नाही आणि कुठल्या दिशेला बसलो हे खेळ चालवणारा जीएमही विचारत नाही.

मग टिकतं काय? याचं उत्तर आपल्याच घरात आहे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा नुसता निषेध. त्यातून उखाणा जन्माला आला. एकादशीला धान्य वर्ज्य हा नुसता निषेध. त्यातून साबुदाण्याची खिचडी आली, 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आली. त्या खिचडीकडे नीट बघा. आजचा साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा; कसावा, शेंगदाणा, बटाटा, मिरची ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली, समुद्र ओलांडून आलेली. यादीत नाव नव्हतं म्हणून सरळ आत शिरली. निषेध जितका नेमका, तितकी पळवाट चविष्ट. शमनाचं पथ्य ठरवताना 'हा काय करणार नाही' एवढ्यावर थांबू नये. 'मग त्याऐवजी काय करेल' हे विचारावं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर सुचत नसेल तर ते पथ्य खोडावं.

एक शमन उभा करून बघू. त्याचा आत्मा-सोबती अस्वल. अस्वल का, तर त्याच्याभोवती खरीखुरी पथ्यं आहेत. उत्तरेकडच्या अनेक लोकांत त्याचं खरं नाव उच्चारायचं नाही असा दंडक होता. रशियन भाषेतला 'मेद्वेद' म्हणजे मुळात 'मध खाणारा'. जुनं नाव टाळता टाळता विसरलंच गेलं. सायबेरियात त्याला 'आजोबा' म्हणणारे लोक आहेत. रात्री सापाला 'लांबडं' म्हणणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

तर पहिलं पथ्य आयतं मिळालं: अस्वलाचं नाव घ्यायचं नाही, 'आजोबा' म्हणायचं. हे हलकं, रोजचं, फुकटचं. याने खेळाडूची जीभ कॅरेक्टरमध्ये राहते आणि चुकलं तर सगळे हसतात. शिक्षाही तेवढीच हलकी असावी, चिमूटभर मध जमिनीला. इथे एक मोह टाळावा. 'सूर्यास्तानंतर बोलायचंच नाही' हे कागदावर फार सुंदर दिसतं, पण सेशन चार तासांचं असतं आणि गेममधल्या निम्म्या भानगडी रात्रीच होतात. गप्प बसलेला खेळाडू अर्ध्या तासात मोबाइल काढतो. बोलण्यावर बंदी घालायची तर शब्दावर घालावी, तोंडावर नाही.

दुसरं पथ्य मधलं, म्हणजे खरं कामाचं. अस्वल हिवाळाभर झोपतं, म्हणून झोप पवित्र: झोपलेल्याला उठवायचं नाही. पाच शब्दही नाहीत, पण परिणाम बघा. रात्रीच्या पहाऱ्यावर शमन बसलाय, झाडीत गॉब्लिन नावाचे छोटे राक्षस सरपटतायत, आणि तीन सोबती घोरतायत. 'डी अँड डी' (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या गेममध्ये झोपेच्या मंत्राने पडलेल्या मित्राला हलवून जागं करायला एक अ‍ॅक्शन (आपल्या पाळीतली एक कृती) पुरते; ती अ‍ॅक्शन शमनाला बंद. उलट झोपलेल्या पहारेकऱ्याजवळून जाताना हाच माणूस सगळ्यांत भरवशाचा. एकच वाक्य आणि ते दोन्ही बाजूंनी कापतं.

पण असं वाक्य नुसतं लिहून ठेवलं तर तिसऱ्या सेशनला वाद हमखास. बेशुद्ध म्हणजे झोपलेला का? मोठ्याने ओरडलं आणि कुणी उठलं तर? घोड्याला लागू आहे का? म्हणून पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच ओळी: काय वर्ज्य, कुठवर वर्ज्य, काय चालतं, मोडलं तर काय जातं, आणि ते परत कसं मिळतं. एक प्रत जीएमकडे. आपल्या शमनापुरतं असं: नैसर्गिक झोप आणि मंत्राची झोप दोन्ही धरायची, जखमेने शुद्ध हरपली तर ती झोप नव्हे, प्राणीही आले, मुद्दाम केलेला आवाज म्हणजे उठवणंच, मात्र लढाईच्या आवाजाने आपोआप जागा झाला तर दोष नाही. म्हणजे शमनाला वाट एकच, एकट्याने गॉब्लिनवर धावून जायचं आणि सोबत्यांची झोप हलकी असावी अशी प्रार्थना करायची.

मोडल्याची किंमत ठरवताना दोन चुका ठरलेल्या. एक म्हणजे सोन्याचा दंड. पाचव्या लेव्हलच्या पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या टोळीला, शंभर मोहरा म्हणजे सुट्टे पैसे. दुसरी, सगळीच शक्ती काढून घेणं. मग बिचारा खेळाडू उरलेलं सेशन इतरांचे डाइस मोजत बसतो. काढायचं ते एकच वरदान, तेही ज्याचं पथ्य मोडलं तेच. समजा अस्वलाने शमनाला वास घेण्याची शक्ती दिलीय, तर नकळत चूक झाली की पुढच्या आठ तासांच्या विश्रांतीपर्यंत नाक बंद. जाणूनबुजून मोडलं तर प्रायश्चित्त करेपर्यंत बंद. प्रायश्चित्तात वेळ जावा, पैसा नको: एक अख्खी रात्र जागरण, एकट्याने, शेकोटीशिवाय. पाठलाग चालू असताना ही रात्र कुठून काढायची, यावर पार्टीत जो खल होतो तो सोन्याच्या दंडाने कधीच झाला नसता.

तिसरं पथ्य जड आणि दुर्मीळ हवं. 'दुसऱ्याच्या गुहेत न विचारता शिरायचं नाही' असं पटकन सुचतं. सुचू दे, पण घेऊ नये. डंजनमध्ये, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या भुयारात, प्रत्येक खोली कुणाची तरी गुहा असते. शमन प्रत्येक दाराशी 'येऊ का?' विचारत उभा राहणार आणि बाकीचे त्याच्या नावाने बोटं मोडणार. ढोबळ अंदाज असा, की एका सेशनमध्ये तीन-चारदा आड येणारं पथ्य कटकट ठरतं आणि चार-पाच सेशन कुणाला आठवलंच नाही तर ते शोभेचं. म्हणून अरुंद करा: जिथे पिल्लं आहेत त्या बिळात हत्यार घेऊन शिरायचं नाही. हे क्वचितच येईल, पण येईल तेव्हा तलवारी बाहेर ठेवून आत जावं लागेल.

आणखी एक बारकावा आयरिश कथांतून उचलण्यासारखा आहे. तिथे अशा बंधनाला 'गेस' म्हणतात. वीर कूखुलिनला कुत्र्याचं मांस वर्ज्य आणि दिलेला पाहुणचार नाकारणंही वर्ज्य. वाटेत म्हाताऱ्यांनी नेमकं कुत्र्याचंच मांस पुढे केलं. दोन पथ्यं सुटी-सुटी निरुपद्रवी, एकत्र आली की फास. राजा कोनारेला दंडक होता की 'तांबडा' नावाच्या यजमानाच्या घरी जाताना तीन तांबड्या माणसांनी त्याच्या पुढे जाऊ नये. वाटेत तीन तांबडे स्वार पुढे दिसले. त्याने त्यांना थांबवायला पोराला पिटाळलं, पण त्या पोराला ते गाठता आले नाहीत. हे दुसरं उदाहरण जीएमने जपून वापरावं. दुसऱ्याच्या करणीने मोडणारं पथ्य कथेत भीषण सुंदर असतं, टेबलावर मात्र खेळाडूला फसवल्यासारखं वाटतं. पहिल्या तऱ्हेचं मात्र जरूर पेरावं. आपल्या शमनाला जोडपथ्य द्यायचं तर हे: आपल्या शेकोटीशी आश्रयाला आलेल्याला संकटाची सूचना दिल्याशिवाय राहायचं नाही. पाहुणा झोपेपर्यंत दोन्ही पथ्यं सुखाने नांदतात.

शिवाशिवीची, विटाळाची पथ्यं टेबलावर आणू नयेत. 'अमक्याच्या हातचं खात नाही' हे दूर देशात कुणाला गूढरम्य वाटत असेल. आपल्याकडे ते कुणाच्या तरी आजीने सोसलेलं आहे. आणि शमन हा शब्द सायबेरियाच्या तुंगुस भाषांतून आला, ते लोक आजही आहेत. त्यांचं, आयर्लंडचं आणि आणखी कुणाचं मिळून एक कडबोळं करण्यापेक्षा आपल्या दुनियेतलं अस्वल आपणच घडवलेलं बरं.

शेवटी पथ्य कुणाचं, तर शमनाचं. पण झळ सगळ्यांना. म्हणून कागद भरण्याआधी बाकीच्यांना विचारून घ्यावं. विचारलं की तेही कामाला लागतात. योद्धा म्हणतो, मी पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून झोपतो. शमनाने ती ओढली तर? उठवलंच की. दुसरं टोक भांड्याला बांधलं आणि भांडं शमनाने पाडलं तर? तेही उठवलंच. पण दोरी जनावराने ओढली तर? कागदावरच्या पाच ओळी पुन्हा वाचल्या जातात. जनावराने केलेल्या आवाजाबद्दल तिथे काही नाही. गाढवाची किंमत 'डी अँड डी'च्या नियमपुस्तकात आठ मोहरा दिलेली आहे. अंधारात अनोळखी माणूस जवळ आला की गाढव बुजतं आणि मागे सरतं.

पार्टी गाढव घेते. पहिल्याच रात्री प्रश्न येतो: गाढव झोपलं तर त्याला कोण उठवणार?