घाटातला रूपक

सरांना विचारलं लिहू का, तर म्हणाले लिहा, फक्त नाव नको. म्हणून नाव नाही, नुसतं सर.

मी फिजिओ आहे, सिंहगड रोडला छोटं क्लिनिक आहे. निम्मे पेशंट गुडघे-कंबरवाले आजी-आजोबा आणि उरलेले निम्मे रनर, सायकलवाले, ट्रेकर. पुण्यात ही मंडळी आता इतकी झालीत की सोमवारी सकाळी वेटिंगमध्ये कोण कुठून काय दुखावून आलंय हे बुटावरच्या मातीवरून कळतं.

सर पहिल्यांदा आले ते ६०० च्या ब्रेव्हेनंतर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्रेव्हे म्हणजे रेस नाही, दिलेलं अंतर दिलेल्या वेळात सायकलने एकट्याच्या हिमतीवर पूर्ण करायचं, २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. नंबर नाही, बक्षीस नाही, पूर्ण केलं की विषय संपला. एका सीझनमध्ये हे चारही केले की सुपर रँडोनर म्हणतात. सरांचं चारही झालेलं, पण शेवटच्या ६०० नंतर उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं ते दोन आठवडे झाले तरी तसंच. आधी एका डॉक्टरांना दाखवलं होतं, त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं की या वयात कशाला हे, सायकल विकून टाका. सर पन्नाशीला टेकलेत.

मी नेहमीच्या टेस्ट केल्या. अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला लावून ओढला, तो धरताना अंगठ्याचं पेर वाकत होतं, म्हणजे अल्नर नर्व्हचे, करंगळीकडे जाणाऱ्या नसेचे, स्नायू थोडे कमजोर. कोपरात काही नाही, मानेत काही नाही. हाताच्या मागच्या बाजूला करंगळीखालची संवेदना एकदम ओके, आणि तिथे जाणारी नसेची फांदी मनगटाच्या आधीच फुटते, म्हणजे नस दबतेय ती मनगटाच्या पुढे, तळव्याच्या करंगळीकडच्या उंचवट्यात. सायकलवाल्यांमध्ये हे इतकं कॉमन आहे की त्याला हँडलबार पाल्सी असंच नाव पडलंय. तीन आठवडे सायकल बंद, हँडलला डबल टेप, जेलचे ग्लव्हज, नस मोकळी करायचे व्यायाम, रात्री मनगट सरळ राहील असा स्प्लिंट. केसपेपरवर व्यवसाय या रकान्यात लिहिलं, ऑफिस, संध्याकाळी क्लास घेतात. मला वाटलं गणित-सायन्सचे क्लास असतील. मी विचारलंच नाही कशाचे, आणि ती चूक माझीच.

तर तो शनिवार. तीन आठवड्यांनी सर आले, सायकल पण आणा म्हणून सांगितलं होतं, बसण्याची पोझिशन बघायची होती. आधी हात तपासला. बारीक नायलॉनच्या दोऱ्यांनी स्पर्श बघतो आम्ही, जवळजवळ नॉर्मल, पकड पण सुधारलेली. मी खूश. म्हटलं सर छान आहे, हळूहळू सुरू करायला हरकत नाही. सर म्हणाले, नाही मॅडम, बरं नाही झालेलं, थांबा ऐकवतो.

ऐकवतो? मला कळेना. ते गाडीकडे गेले आणि येताना कापडात गुंडाळलेला तबला घेऊन आले. व्यायामाच्या मॅटवर मांडी घालून बसले, चुंबळ ठेवली, त्यावर तबला, आणि म्हणाले 'ना' ऐका, म्हणजे तबल्याचा तो बोल. तर्जनी किनारीवर पडली आणि एकदम स्वच्छ, काचेवर टिचकी मारल्यासारखा आवाज आला. मग म्हणाले आता डोळे मिटतो. परत तोच ना, पण यावेळी बसका. पाच-सहा वेळा करून दाखवलं, बघत वाजवलं की लागतो, डोळे मिटले की जातो.

मग त्यांनी मला समजावलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. ना वाजवते तर्जनी, पण तो ना ठेवते अनामिका. म्हणजे करंगळीशेजारचं बोट शाईच्या, तबल्यावरच्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकं टेकलेलं असतं, ते किती टेकायचं यावर नाद मोकळा राहणार की मरणार हे ठरतं. जास्त दाबलं तर मेला, उचललं तर भलतंच काहीतरी गुंजतं. त्यांना ते बोट कुठे टेकलंय तेच कळत नव्हतं, डोळ्यांनी बघून ठेवावं लागत होतं. तीस वर्षं न बघता ठेवलेलं बोट. माझ्या नायलॉनच्या दोऱ्यांना जे नॉर्मल वाटलं ते तबल्याला नॉर्मल नव्हतं. आणि अल्नर नर्व्ह करंगळी आणि नेमकी अर्धी अनामिका सांभाळते, हे मी कॉलेजपासून घोकलेलं, पण त्या अर्ध्या बोटावर कुणाचा सगळा नाद उभा असतो हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मी विचारलं, सायकलवर असताना हाताने काय काय करता. काही नाही हो, धरतो. बरं म्हटलं, सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, लावली, वीस मिनिटं चालवायला लावली आणि बाजूला बसून बघत राहिले. सीटचं नाक थोडं खाली झुकलेलं, त्यामुळे अंग पुढे घसरत होतं आणि हातावर वजन येत होतं, ते लिहून घेतलं. बाकी हात शांत. एवढ्याने इतकं व्हायला नको असं वाटत होतं. मग सुचलं म्हणून पुढच्या चाकाखाली दोन स्टेपर ठेवले, रेझिस्टन्स वाढवला आणि म्हटलं, सर समजा पसरणी घाटात आहात, वाई मागे राहिली, पाचगणी अजून लांब आहे.

दोन-तीन मिनिटं गेली असतील. श्वास जड झाला, नजर खाली गेली आणि उजव्या हाताची बोटं हलायला लागली. ब्रेकच्या हुडवर, म्हणजे हँडलवरच्या ब्रेकच्या मुठीवर, तळव्याची करंगळीकडची कड रोवलेली, सगळं वजन तिच्यावर, मनगट मागे वाकलेलं आणि वरची बोटं मोकळी होऊन वाजवतायत. मी मोबाईलवर शूट करायला लागले, त्यांना पत्ताच नाही. चार मिनिटांनी विचारलं, सर हे काय चाललंय? त्यांनी बोटांकडे असं बघितलं की जणू दुसऱ्याचीच आहेत, आणि म्हणाले, रूपक. तबल्यातला एक ताल.

रूपक का? तर चढाला प्रत्येक पायाचा दाब म्हणजे एक मात्रा, तालातला एक ठोका, धरायची. तीनतालाच्या मात्रा १६, दोनने भाग जाणारा आकडा, म्हणजे सम, तालाची पहिली मात्रा, प्रत्येक वेळी एकाच पायावर येणार, तोच पाय दरवेळी जोर लावणार आणि तासाभरात तोच भरणार. रूपक ७ मात्रांचा. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. विषम आकडा, त्यामुळे सम एकदा उजव्या पायावर, पुढच्या आवर्तनात, म्हणजे तालाच्या पुढच्या फेरीत, डाव्या, परत उजव्या. पाय वाटून घेतात मॅडम, असं म्हणाले. मी नंतर स्वतः जिन्यात मोजत चढून बघितलं, खरंच तसं होतं.

मी त्यांच्या तळव्यावर ती जागा दाबून दाखवली, नस जिथून जाते ती, आणि मग व्हिडिओ दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटत होतं आता हे म्हणणार की ठीक आहे, बोटं नाही हलवणार, आणि प्रश्न मिटला. पण त्यांनी खिशातून फोन काढला आणि म्हणाले, आता तुम्हाला हे पण ऐकावं लागेल.

व्हॉइस मेमो होते. सत्तरच्या वर. खंबाटकी, पसरणी, बोपदेव, दिवे घाट, तारखेसकट. एक लावला, पहाटेचा असावा, वारा, मधेच ट्रक गेल्याचा आवाज, माणूस धापा टाकतोय आणि त्या धापांच्या मधे बोल पुटपुटतोय, थांबतो, चुकतो, परत पहिल्यापासून. सरांचे गुरू गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यानंतर ते शिकवत राहिले, साथ करत राहिले, पण स्वतःचं नवीन काही सुचेना. मला म्हणाले, घरी बसलो की हातातून गुरुजींचंच वाजतं, चांगलं वाजतं, पण त्यांचं. पहिल्यांदा २०० ला गेलो तेव्हा खंबाटकीत एक तुकडा आला तो माझा होता. म्हणून जातो. मेडलसाठी नाही, फिटनेससाठी तर अजिबातच नाही.

इतकी वर्षं खेळाडू तपासतेय मी आणि सगळ्यांना एकच साचा लावत आले होते, की यांना अंतर पाहिजे, टाइम पाहिजे, फार तर मनःशांती पाहिजे. खेळ एकीकडे आणि बाकीचं आयुष्य दुसरीकडे. आपल्या गढवालमधल्या मेरू शिखराची शार्क्स फिन ही अवघड वाट २०११ मध्ये पहिल्यांदा चढली गेली, कॉनराड अँकर, जिमी चिन आणि रेनन ऑझटर्क असे तिघं. त्यातला चिन फोटोग्राफर, ऑझटर्क चित्रकार, डोंगरात जाऊन चित्रं काढणारा. त्या मोहिमेच्या पाचेक महिने आधीच ऑझटर्कची कवटी आणि मानेचे मणके फ्रॅक्चर झाले होते, आणि मी ती केस कायम रिहॅबचं उदाहरण म्हणूनच वाचली, मान इतक्या लवकर कशी टिकली वगैरे. तो चित्रकार आहे हे मला माहीत होतं, पण त्याचा त्या मानेशी काही संबंध असेल असं कधी डोक्यात आलं नाही. आणि लांब कशाला, दरवर्षी वारीत आम्ही पाय चोळायची सेवा देतो, दिवे घाट चढून आलेले मृदंगवाले, गळ्यात एवढं ओझं, त्यांना विचारावं दमलात का माऊली, तर सांगतात वाजवत चढलं की घाट कळत नाही, नुसतं चालायला लावा मग दमू. मी ते भक्तीच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

तर प्रश्न असा की आता करायचं काय. बोटं बंद करा म्हणणं म्हणजे सायकल विका म्हणण्यासारखंच होतं, फक्त जरा गोड भाषेत. सीटचं नाक वर घेतलं, स्टेम, म्हणजे हँडल जोडणारा दांडा, आखूड करायला सांगितला, हुड थोडे वर, दर दहा मिनिटांनी हात बदलायचा अलार्म. आणि मी विचारलं, सर, वाजवायच्या ऐवजी नुसतं म्हणता नाही येणार का? तबल्यात पढंत असते, बोल तोंडाने म्हणायचे, एवढं मला टीव्हीवर बघून माहीत होतं. ते हसले, म्हणाले चढाला पढंत करायला दम कुठून आणू. मी म्हटलं मग हळू चढा. त्यावर ते जरा थबकले आणि म्हणाले, तुम्हाला माहितीये, आमच्यात दम म्हणजे काय?

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं. दोन तुकड्यांच्या मधे जी मोकळी जागा सोडतात तिला दम म्हणतात. जागा सोडली तर दमदार, न थांबता वाजवली तर बेदम. सरांची बोटं घाटात जे रचत होती ते बहुतेक सगळं बेदम होतं, ५ मात्रांचा तुकडा तीनदा, १५ मात्रा, दोन आवर्तनं संपवून पुढच्या समेवर. बोटांना श्वास लागत नाही ना. तोंडाने म्हणायचं तर ते शक्यच नव्हतं. मग तिथेच ट्रेनरवर बसल्या बसल्या त्यांनी आकडेमोड केली, ३ मात्रांचा तुकडा, ३ मात्रा दम, परत ३, परत दम, परत ३. तेही १५ च होतात. चढाला श्वास घ्यायला तीन मात्रा पुरतील? मी घड्याळ लावून त्यांचा श्वास मोजला, पुरत होत्या. माझ्या क्लिनिकमध्ये रेस्पिरेटरी रेट इतक्या आनंदाने कधी कोणी मोजला नसेल.

शनिवार होता म्हणून पुढचे दोन पेशंट उशिरा घेतले, त्यातल्या एक आजी दारातून सगळं बघत होत्या, त्यांनी शेवटी हाताने सम दाखवली. त्यांना गाणं येत होतं, आणि हेही मी कधी विचारलं नव्हतं.

नस हळू बरी होते, घाई करून चालत नाही. अनामिकेसाठी वेगळा व्यायाम दिला, डोळे मिटून वेगवेगळे कापड, तांदूळ, मग शाईची कड, दिवसातून तीनदा. साडेतीन महिने गेले. मधे एकदा पूर्ण निराश झाले होते, क्लासमधल्या मुलाने विचारलं सर ना असा का येतो, त्या दिवशी फोनवर नीट बोलता येत नव्हतं त्यांना. मग एक दिवस आले, न बघता दहा ना वाजवले, नऊ स्वच्छ. दहावा बसका होता. मी म्हटलं नऊ पुरेत, ते म्हणाले नाही, आणि आणखी पाच आठवडे व्यायाम केला.

आता त्यांचं पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचं चाललंय. फ्रान्समधला १८९१ पासूनचा सायकलचा इव्हेंट आहे, आता चार वर्षांतून एकदा असतो, १२०० किलोमीटर, ९० तास, पुढचा २०२७ ला. मी विचारलं इतके तास कशाला, तर म्हणाले तिकडचे चढ लांब नाहीत पण सारखे येतात, १० मात्रांचा झपताल जमेल असं वाटतंय. मी फक्त सीटचं नाक परत तपासलं.

गेल्या रविवारी सकाळी पावणेसहाला व्हॉट्सअपवर मेमो आला, बोपदेव घाट. मी चहा टाकत होते, गॅस बारीक करून हेडफोन लावले. आधी नुसता श्वास आणि साखळीचा आवाज. मग तीन मात्रा बोल. मग तीन मात्रा फक्त धाप, नीट ऐकू येणारी. बोल. धाप. तेराव्या मात्रेपासून शेवटचा तुकडा, मी ओट्यावर बोटाने मोजत होते, आणि पंधराव्याला धा. त्यानंतर वारा, आणि लांबून कुठेतरी कोंबडा.