वारकरी – ४,९८७

दुपारी पक्षिगणनेचे फॉर्म एकत्र करायला बसलं की असला एखादा आकडा हमखास डोळ्यांत खुपतो. वारकरी, म्हणजे कूट हा पाणपक्षी – ४,९८७. अरे बाबा, एवढा दाटीवाटीचा थवा दहा-दहाच्या, पन्नास-पन्नासच्या गटांनीच मोजला असणार, मग शेवटी सात आले कुठून? सरळ ५,००० लिहिणारा निदान अंदाज लपवत तरी नाही.

पाणपक्ष्यांची ही गणना भारतात १९८७ पासून दर जानेवारीत होते, आणि नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरसारख्या पाणथळ ठिकाणी ती मोजणाऱ्याचा घाम काढते, तेही निफाडच्या थंडीत. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा बंधारा गाळाने भरत गेला, पाणी उथळ झालं, म्हणून तर थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही बदकं सगळी एकाच नजरेत मावतात. ऊन पाठीशी हवं. समोरून आलं की सगळी बदकं काळीच. धुकं विरेपर्यंत स्कोप, म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, लावण्यात अर्थ नाही, डोळा लावायच्या भिंगावर आपल्याच श्वासाची वाफ धरते.

गट पाडायचे ते असे: आधी पन्नास पक्षी एकेक करून मोजायचे, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यांत बसवायचं आणि तेवढाच तुकडा थव्यावरून सरकवत न्यायचा. गोची इथेच होते. पहिला तुकडा बहुतेक जण कडेचा घेतात. कडेला पक्षी विरळ, मध्ये दाट. त्या मापाने मोजलं की आकडा कमीच भरतो. काठावरून पाहिलं तर मागच्या रांगा पुढच्यांआड जातात ते वेगळंच, म्हणून मनोरा. टिबुकल्या या बुड्या मारणाऱ्या पक्ष्यांचा प्रकार निराळा. कधीही बघा, त्यांतल्या निम्म्या पाण्याखाली असतात, तेव्हा दोन-तीन फेऱ्या मोजून सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. बेरीज करायची नाही! करणारे असतात.

स्कोपवाल्याने डोळा काढायचा नाही, तोंडाने सांगत राहायचं. लिहिणारा वेगळा, बटण दाबून आकडा पुढे नेणारा काउंटरवाला वेगळा. काउंटर चार आकडी, लोखंडी घ्यावा. बोटात घालायचा जपाचा स्वस्त पडतो, पण त्याचं शून्य करायचं बटण हातमोज्याखाली कधी दाबलं जाईल याचा नेम नाही.

भोवत्या हा शिकारी पक्षी आला की सगळा थवा उठतो आणि पुन्हा पहिल्यापासून. थवा शेजारच्या गटाच्या हद्दीत उतरला तर वेळ आणि दिशा टिपायची, नाहीतर तेच पक्षी दोनदा वहीत. यापेक्षा मोठं संकट म्हणजे मोठी लालसरी हे देखणं बदक. ती दिसली की काउंटरवाल्याचाही कॅमेरा बाहेर येतो आणि वारकरी १,३४० वर लटकतात. वारकऱ्याचा फोटो कोण काढतो?

ओळख न पटलेली बदकं ‘अनोळखी बदक – ४०’ अशीच लिहावीत. पाणी जास्त असलं की चिखल उघडा पडत नाही, मग चिखलात चरणारे तुतवार पक्षी दिसत नाहीत. तिथे शून्य घालावं. रकाना कोरा सोडला तर पक्षी नव्हते की कोणी बघितलंच नाही, हे पुढच्याला कसं कळणार? पण शून्य लिहायला हात जड. बहुतेक जण डॅश मारतात. डॅशचा अर्थ ज्याचा त्याला ठाऊक.