आमची वाटचाल: दार उघडं होतं, आत कुणी येत नव्हतं

कारखाना सुरू केला तेव्हा आम्ही पाच जण होतो. मी, माझा भागीदार आणि तीन कामगार. भाड्याचा गाळा, दुसऱ्याने वापरून विकलेला एक पॉवर प्रेस, आणि काम म्हणजे पत्र्याचे लहान भाग दाबून द्यायचं जॉबवर्क. माल उद्या सकाळी जायचा असला की रात्री मीही प्रेसवर बसायचो. पत्र्याची बर, म्हणजे कापलेल्या कडेची धार, लागून कापलेली बोटं तेव्हा आम्हा पाचही जणांची सारखीच दिसायची. पुढे कितीतरी वर्षं मी याच दिवसांचा दाखला देत राहिलो. "मी तुमच्यातलाच आहे. काही असलं तर थेट येऊन सांगा, माझं दार उघडंच असतं."

आज चौसष्ट कायम कामगार आहेत, वीसेक कंत्राटी आणि ऑफिस-डिझाइनमध्ये बारा जण. मधल्या काळातली कर्जं, बुडालेली बिलं, मोठी पहिली ऑर्डर हे सगळं सगळ्याच लघुउद्योजकांचं थोड्याफार फरकाने सारखंच असतं. ते सोडून देतो. मला लिहायचंय ते आमच्याकडे युनियन कशी आली आणि माझं मत कसं बदललं, याबद्दल. पूर्ण बदललं असंही नाही, पण त्याकडे येतोच.

आमच्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा रॅम खाली येतो. दोन्ही हात बटणावर असतील तर डायमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात, एकही हात राहत नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. पण दोन हात अडकले की वेग कमी होतो. तेव्हा एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवायचं, एका हाताने दुसरं बटण चालवायचं आणि मोकळ्या हाताने तुकडा सरकवायचा. नव्या मशीनला ही चलाखी कळते. प्रत्येक दाबानंतर दोन्ही बटणं सुटल्याशिवाय ते पुढचा दाब देत नाही. आमच्या जुन्या मशीनला कळत नव्हती. एका दुपारी एका कामगाराच्या मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं.

दवाखान्यातून परत आल्यावर मी ती पट्टी स्वतःच्या हाताने काढली. कडा काळ्या पडल्या होत्या, तेल मुरलं होतं. कालपरवा लावलेली नव्हती. फोरमनना विचारलं, "किती दिवस?"

"दोन-अडीच महिने, साहेब."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

ते जरा थांबले. "सांगितलं असतं तर तुम्ही टार्गेट कमी केलं असतं का?"

अडीच महिन्यांपूर्वी शिफ्टचं टार्गेट मीच वाढवलं होतं. उघड्या दारातून आत येऊन हे सांगायला कुणी धजावलं नाही, कारण आत येणाऱ्याला एकट्याला यावं लागलं असतं, आणि बाहेर जाताना तो 'टार्गेट न झेपणारा' ठरला असता. मी वाईट माणूस होतो म्हणून नव्हे, त्याची हजेरी, त्याचा ओव्हरटाइम, त्याची पगारवाढ माझ्या एका सहीवर होती म्हणून.

त्यानंतर मी एक समिती नेमली. 'नेमली' हा शब्द मुद्दाम वापरतोय. मला पसंत असलेले चार जण, महिन्यातून एकदा चहा, आणि मी बोललो की चार माना हलायच्या. जर्मनीत पाच कामगार असलेल्या आस्थापनेतही कामगारांना आपलं कामगार मंडळ निवडता येतं. ती तिथली शंभर वर्षांहून जुनी वहिवाट, पहिला कायदा 1920 चा. 'निवडता येतं' आणि 'नेमली' यांत काय अंतर आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

चार महिन्यांनी पत्र आलं. कामगारांनी युनियन नोंदवली होती, सोबत सात मागण्या.

मला राग आला नाही, वाईट वाटलं. आणि तेच जास्त घातक होतं. ज्यांच्या घरच्या कार्याला गेलो, अडीनडीला उचल दिली, त्यांनी मला शिक्क्यानिशी पत्र पाठवावं! भागीदार म्हणाला, "बाहेरचा माणूस आत आला की धंदा संपला." एका सल्लागाराने सांगितलं, पुढाकार घेणाऱ्या दोघांवर लक्ष ठेवा, चुका नोंदवा. त्याचं सगळं ऐकलं नाही, पण त्या दोघांपैकी एकाला मी दोन आठवडे रात्रपाळीला टाकलं. कारण 'कामाची गरज' असं दाखवलं. ती शिक्षा होती. त्यालाही कळत होतं, मलाही.

माझं हे डोकं काही नवीन नव्हतं, हे नंतर वाचनातून कळलं. इंग्लंडच्या टॉलपडल गावात सहा शेतमजुरांनी मजुरी घटू नये म्हणून संघटना केली, तर 1834 मध्ये गुप्त शपथ घेतल्याच्या आरोपावरून त्यांना ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर पाठवलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1949 च्या 98 क्रमांकाच्या करारात युनियन केली म्हणून कामगाराला त्रास होऊ नये असं स्वतंत्र कलम घालावं लागलं. कलम घालावं लागलं म्हणजे मालक लोक सर्रास तेच करत असणार. माझी रात्रपाळी त्याच वंशावळीतली, जरा सौम्य.

मागण्यांचा कागद मी आठ दिवसांनी नीट वाचला. पगारवाढ सहाव्या नंबरावर होती! पहिली मागणी अशी: डाय बदलायला लागणारा वेळ टार्गेटमध्ये धरू नये. दुसरी, सगळ्या प्रेसना गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारा आडोसा, आणि न फसणारी बटणं. तिसरी, ओव्हरटाइम आदल्या दिवशी सांगावा, सुट्टी व्हायला दहा मिनिटं असताना नको. चौथी, रजा नाकारली तर कारण लेखी द्यावं. पहिल्या मागणीवर तर मला लाज वाटली. डाय बदलायला कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. मी टार्गेट काढताना हा वेळ शून्य धरला होता. मी स्वतः प्रेसवर बसलेला माणूस! पण मी बसायचो तेव्हा दिवसभर एकच डाय असायची, आणि तो काळ जाऊन दहा वर्षं झाली होती.

आता लोक म्हणतात, कायदे आहेत, निरीक्षक आहेत, मग युनियन कशाला? मला इथे राणा प्लाझा आठवतो. 24 एप्रिल 2013 ला बांगलादेशातली ही आठ मजली इमारत कोसळली, 1,134 माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. तडा सगळ्यांना दिसत होता, जशी आमची चिकटपट्टी सगळ्यांना दिसत होती. कायदा तिथेही होता. एकेकट्याला 'मी आत जात नाही' म्हणायची सोय नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक पातळीवरच्या युनियननी आणि कपड्यांच्या ब्रँडनी इमारत आणि आग सुरक्षेचा जो बंधनकारक करार केला, त्यात धोक्याचं काम नाकारण्याचा हक्क लिहिलेला आहे.

आमच्या ऑफिसातली मंडळी मात्र म्हणायची, "युनियन खालच्यांसाठी. आम्ही काय कामगार आहोत?" मग आम्ही संगणकांवर एक सॉफ्टवेअर बसवलं. दर दहा मिनिटांनी पडद्याचा फोटो, कोण किती वेळ 'निष्क्रिय' याचा रोजचा तक्ता. एक डिझायनर अर्धा तास कागदावर पेन्सिलीने डायची रचना आखत होती. तक्त्यात ती अर्धा तास रिकामी. दोघं कुणाला काही न बोलता नोकरी सोडून गेले. त्यांना दुसरीकडे जागा मिळाली, म्हणून जाता आलं. मला मात्र दोन चांगली माणसं गमावूनही नेमकं काय बिघडलं ते कळलं नाही, कारण जाणारा कधी खरं कारण सांगत नाही.

हा प्रश्न फक्त तेलकट हातांचा राहिलेला नाही. 2023 मध्ये अमेरिकेत चित्रपट-मालिकांचे लेखक 148 दिवस संपावर होते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर लेखकावर लादता येणार नाही, हे त्यांनी करारात आणलं. फ्रान्समध्ये 2017 पासून पन्नास किंवा जास्त माणसांच्या कंपनीत, कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून मोकळं राहण्याचा हक्क हा युनियनशी वाटाघाटीचा विषय आहे. एकटा कर्मचारी रात्री दहाचा मेसेज न वाचता ठेवू शकतो, पण सकाळी त्याला साहेबांचं तोंड बघावंच लागतं.

हे सगळं लिहिलं म्हणून आमची युनियन फार गोड आहे असं समजू नका. एक कामगार महिन्यात आठ-आठ दिवस न सांगता दांड्या मारायचा. त्याच्या जागी उभं राहून घाम गाळणारे त्याच्याच युनियनचे सभासद होते, तरी प्रतिनिधी त्याच्यासाठी तीन बैठका भांडले. एकदा ऐन माल जायच्या दिवशी सगळ्यांनी काम संथ केलं, आणि त्या ग्राहकाने पुढची ऑर्डर दिली नाही. ते नुकसान मालक आणि कामगार, दोघांनीही भोगलं. अमेरिकेत 1983 मध्ये शंभरातले वीस पगारदार युनियनचे सभासद होते, आता जेमतेम दहा उरलेत. त्यात मालकांचा विरोध आहे, कारखाने हलले हेही आहे, पण आहेत त्या सभासदांपुरतंच बघायची युनियनची सवय त्यात अजिबात नाही असं मला पटत नाही.

आमच्याकडेही तेच. वीस कंत्राटी माणसं त्याच प्रेसवर, त्याच पाळीत काम करतात. युनियनशी आम्ही केलेल्या करारातलं एकही कलम त्यांना लागू नाही. प्रेसचे नवे गार्ड त्यांनाही वाचवतात, ते केवळ गार्डला सभासदत्व विचारता येत नाही म्हणून. मी कंत्राटी माणसं घेतली ती माल कमी-जास्त होतो म्हणून, असं मी सांगतो. युनियन आल्यानंतर ती संख्या सहावरून वीसवर गेली, हेही मीच सांगायला हवं.

तीन वर्षांचा करार आता संपतोय. सॉफ्टवेअरचे फोटो बंद झाले. ऑफिसातल्या सात जणांनी सभासदत्व घेतलं, त्यात ती पेन्सिलवाली डिझायनर आहे आणि यंदा तीच प्रतिनिधी. गेल्या आठवड्यात विषयपत्रिका ठरवायला बसलो. त्यांचे नऊ मुद्दे होते. मी एक घातला, कंत्राटी कामगारांचा. जुने प्रतिनिधी म्हणाले, "साहेब, तो मुद्दा शेवटी घेऊ." माझा भागीदारही म्हणाला, शेवटीच घेऊ. या एका बाबतीत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. डिझायनर काही बोलली नाही. तिने कागद पुढे ओढला आणि आकडा खोडून तो मुद्दा दोन नंबरवर लिहिला.