सात किलोंत तीन आठवडे

मुलगी स्कॉटलंडमध्ये एडिंबराला असते. ऑक्टोबरात तीन आठवड्यांसाठी तिच्याकडे निघाले, तेव्हा २३ किलोंची मोठी बॅग माझी नव्हतीच. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि तिनं खास मागितलेला पितळी खलबत्ता. (तूप आणि पेढे राहिले, दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत.) माझ्या कपड्यांना उरली ७ किलोंची केबिन बॅग.

कपाट उघडलं आणि खरी अडचण कळली. आपले कपडे जोडीनं संसार करतात. हिरव्या कुर्त्याला तीच सलवार, तीच ओढणी. पाच ड्रेस म्हणजे पंधरा नग, आणि एकातलं दुसऱ्यावर चालेल तर शपथ! मुलगी फोनवर म्हणाली, "आई, सेट आणू नकोस. कुठलंही वरचं कुठल्याही खालच्यावर गेलं पाहिजे."

मग गडद निळा आणि राखाडी, दोनच रंग धरले. दोन पँट, तीन टॉप, एक आखूड कुर्ता, दोन थर्मल, मेरिनो लोकरीचा स्वेटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक ठेवून पाहिलं. जीन्स साडेसहाशे ग्रॅम भरली, शिवाय भिजली की लवकर वाळत नाही. गेली परत कपाटात. टोपीचं पावसाळी जॅकेट मात्र अंगातच घालून विमानात बसले. अंगावरचं कोण मोजतंय?

ते जॅकेट नसतं तर माझं काही खरं नव्हतं. प्रिन्सेस स्ट्रीटवर दुसऱ्याच दिवशी वाऱ्यानं छत्रीच्या काड्या वर केल्या. लोकरीचा स्वेटर चार-चार दिवस घातला, वास म्हणून आला नाही. थर्मल रात्री धुवून खोली गरम करणाऱ्या रेडिएटरवर टाकलं की सकाळी तयार.

चुकले ते बुटांत. एकच जोड नेला होता. आर्थर्स सीट ही गावातलीच टेकडी, उंची २५१ मीटर, म्हणजे सिंहगड चढणाऱ्यांना काहीच नाही. पण ओल्या गवतावरून उतरताना बूट चिखलानं भरले, आणि त्याच संध्याकाळी मुलीच्या मैत्रिणीकडे दिवाळीचं जेवण! बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, तरी ओलेच घालून गेले. बाकी तयारी सोपी होती: निळ्या टॉपवर खणाचं बिनबाह्यांचं जॅकेट, कानात मोती. पैठण्यांच्या घोळक्यातही दोघींनी ते कुठून घेतलं म्हणून विचारलं. आणि मराठी घर, बूट दारातच काढायचे. कुणाला कळलंसुद्धा नाही.

हिरव्या ड्रेसची ओढणी तेवढी नेली होती, गळ्याभोवती गुंडाळायला. ती मुलीनं ठेवून घेतली. हिरवा कुर्ता आता निळ्या पँटवर घालते. सलवार अजून घडीतच आहे.