डब्यातली चिठ्ठी

नोव्हेंबर संपत आला होता. "डॉक्टर, पिल्लं राहत नाहीत हो माझी," मावशी फोनवर म्हणाल्या. घोडबंदर रोडच्या आत, येऊरच्या डोंगराखाली त्यांचं जुनं घर आहे. त्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या कॅथलिक समाजातल्या. नाताळासाठी आणि नात्यातल्या लग्नांसाठी त्या अजूनही घरामागे डुकरं पाळतात.

मी पोचले तेव्हा अकरांतली चार पिल्लं गेली होती. उरलेल्यांना पाण्यासारखी पिवळी हगवण लागली होती, डोळे खोल गेले होते. दूध चौथ्या आठवड्यातच तोडलेलं. मादी लवकर माजावर यावी म्हणून बरेच जण असं करतात, पण पिल्लाचं पोट त्यासाठी तयार नसतं.

"औषध काय दिलं?"

मावशींनी पत्र्याचा डबा आणला. त्यात दोन अँटिबायोटिकं, एन्रोफ्लॉक्सासिनची अर्धी बाटली आणि टेट्रासायक्लिनची पावडर होती आणि तळाशी प्लॅस्टिकमध्ये घडी घालून ठेवलेली एक चिठ्ठी. अक्षर माझंच. दीड वर्षापूर्वी एका आजारी मादीसाठी मी पाच दिवसांचा डोस लिहून दिला होता, तोही जंतू तपासायला स्वॅब न घेता. तीच चिठ्ठी दाखवून मुलगा दुकानातून औषध आणत राहिला. कुणी खोकलं की दोन दिवस, हगवण लागली की दोन दिवस. जरा बरं दिसलं की बंद. जिवाणूंना औषध पचवायला शिकवायचं असेल तर याहून चांगली पद्धत नाही.

या वेळी स्वॅब घेतला. तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये जंतू वाढवलेली प्लेट बघितली. तिच्यावर एकेका औषधाची छोटी डिस्क ठेवलेली असते. औषध लागू पडत असेल तर डिस्कभोवती स्वच्छ गोल दिसतो. इथे ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा थर सगळ्या डिस्कना जाऊन चिकटला होता: एन्रोफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन, ॲम्पिसिलिन, सेफ्ट्रियाक्झोन, जेंटामायसिन. कोलिस्टिन हे आणखी एक अँटिबायोटिक प्लेटमधल्या आगारच्या जेलीत नीट पसरत नाही, म्हणून त्याची चाचणी वेगळी, द्रवात केली होती. तेवढं एक लागू पडत होतं.

आणि तेच मी देणार नव्हते. जुलै २०१९ पासून आपल्याकडे अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन द्यायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. आयसीयूतल्या माणसासाठी कधीकधी हे एवढंच औषध उरतं. चीनमध्ये डुकरांच्या खाद्यात ते सर्रास घातलं जायचं. २०१५ साली तिथल्याच डुकरातल्या ई. कोलायमध्ये एमसीआर-१ हे कोलिस्टिनला दाद न देणारं जनुक सापडल्याचं जाहीर झालं. हे जनुक प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर, बसून एका जिवाणूतून दुसऱ्यात जातं. डुकरातून माणसात यायला त्याला फार लांब जावं लागत नाही.

रिपोर्ट समजावून सांगत होते तेवढ्यात मावशी आत गेल्या आणि स्वतःची फाइल घेऊन आल्या. वर्षात दोनदा लघवीचं इन्फेक्शन. कल्चरमध्ये ई. कोलाय, आणि नापास औषधांची यादी जवळजवळ तीच. जंतू एकच आहे का, हे जनुकांची तपासणी केल्याशिवाय सांगता येत नाही. तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर माझ्या हाताला घाम फुटला.

"मग आता मांस खायचं की नाही?" त्यांनी विचारलं. नीट शिजवलं की हे जिवाणू मरतात. धोका कच्चं मांस कापताना असतो, सुरीवर, पाटावर, हातावर. आणि त्याहून जास्त रोज गोठा धुताना.

पिल्लांना मीठ-साखरेचं पाणी दर दोन तासांनी पाजायला सांगितलं. कोरडी जमीन, रात्री ऊब, खरकटं उकळूनच घालायचं, गोठ्याची बादली न्हाणीघरात आणायची नाही. पुढच्या वेळी दूध आठ आठवड्यांनी तोडायचं. सातांतली पाच वाचली.

निघताना मी चिठ्ठी परत मागितली. मावशी देईनात. "तुमच्यावर भरवसा म्हणून जपली की हो."

शेवटी त्यांच्यासमोरच तिच्यावर आडवी रेघ मारली, तारीख घातली आणि खाली माझा नंबर लिहिला. त्यांनी ती पुन्हा घडी घालून डब्यात ठेवली.