चार ओहमांची तार आणि हरवलेले दहा वॅट

मागच्या नोंदीत तापलेल्या तारेने फोम कापण्याच्या धनुकलीला तार ताणून मी थांबलो होतो. त्यानंतरचे तीन आठवडे एका साध्या भागाकारात गेले. तार ८०:२० नायक्रोमची (निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची), तारांच्या जाडीच्या एसडब्ल्यूजी मापात २६ गेज, म्हणजे ०.४५७ मिलिमीटर व्यासाची आहे. मीटरला सुमारे ६.६ ओहम धरले, तर ६० सेंटिमीटरचा रोध ४ ओहम येतो, आणि १२ व्होल्टवर ३ अँपिअर व ३६ वॅट मिळायला हवेत. तारेला वीज देणाऱ्या बेंच सप्लायच्या पडद्यावर मात्र १२.० व्होल्ट आणि २.५५ अँपिअर दिसत होते. भागाकार केला की रोध ४.७ ओहम आणि गुणाकार केला की ३०.६ वॅट. तार ग्लायडरच्या पंखाच्या मध्यावर पोहोचली की फोम वितळण्याऐवजी फरफटायचा, आणि दोन पंख मागच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखे झाले.

पहिला संशय तापमानावर गेला. बल्बच्या टंगस्टन तारेचा रोध पेटल्यावर दहापटींहून अधिक वाढतो हे आपण सगळेच जाणतो. पण नायक्रोम लाल झाली तरी तिचा रोध काही टक्केच बदलतो, आणि येथील तफावत साडेसतरा टक्क्यांची होती. मग तार थंड असताना मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर मोजली, तर ४.५. दोन उपकरणे जवळपास एकच सांगत आहेत म्हटल्यावर मी निकाल देऊन टाकला की दुकानदाराने २६ ऐवजी २७ गेज माथी मारली आहे, कारण २७ गेजच्या ०.४१७ मिलिमीटर तारेचा हिशेब ४.८ ओहमांच्या आसपास जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन मी त्याच्याशी हुज्जतही घातली. त्याने शांतपणे रीळ पुढे केले आणि म्हणाला, “साहेब, मोजून आणा, मग बोलू.”

खालच्या मजल्यावरचे काका निवृत्त टर्नर आहेत आणि त्यांचा जाडी मोजायचा मायक्रोमीटर अजून लाकडी पेटीत, तेलाचा हात फिरवलेल्या फडक्यात असतो. तार हातात घेण्याआधी त्यांनी मायक्रोमीटरचे जबडे रिकामेच मिटवले, चष्मा वर सारून शून्याची रेघ जुळते का ते पाहिले आणि मगच तार मोजली. तार ०.४६ मिलिमीटर भरली, म्हणजे २६ गेजच. “शून्य न बघता मोजलेलं माप म्हणजे अंदाज रे,” ते सहज म्हणाले, आणि मी जिना न थांबता चढलो. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या, तर शून्य यायला हवे तिथे पडद्यावर ०.५ ओहम! म्हणजे ते ४.५ मुळात ४.० होते.

मग सप्लायचे ४.७ कुठून आले? सप्लाय दाखवतो ते त्याच्या स्वतःच्या टर्मिनलांवरचे व्होल्टेज. मी मल्टिमीटर व्होल्ट रेंजवर ठेवून पिना थेट नायक्रोमच्या दोन टोकांना लावल्या, तेव्हा १०.२ व्होल्ट आले. त्याला २.५५ ने भागले की बरोबर ४.० ओहम. येथे पिनांचा अर्धा ओहम आड येत नाही, कारण व्होल्टमीटरचा अंतर्गत रोध १ कोटी ओहमांचा असल्याने त्या पिनांतून करंट जवळजवळ वाहतच नाही. उरलेले १.८ व्होल्ट वाटेत गळत होते: ०.७ ओहम, ४.६ वॅट. तारेला मिळत होते अवघे २६ वॅट. करंट पंधरा टक्क्यांनीच घटला, तरी शक्ती करंटच्या वर्गावर चालत असल्याने दहा वॅट गेले. माझी दोन उपकरणे वेगवेगळ्या कारणांनी एकाच दिशेने चुकली होती, आणि मी त्यालाच पुरावा समजलो.

गुन्हेगार होत्या सप्लाय आणि तार जोडणाऱ्या, टोकांना चिमटे असलेल्या क्रोकोडाइल क्लिपच्या तयार वायरी. बोट लावले तर कोमट लागत होत्या, हे मला आधीच खटकायला हवे होते. एक सोलून पाहिली: जाड रबरी आवरणाच्या आत केसासारखे पाच-सहा धागे, क्लिपला सोल्डर न करता नुसते दाबलेले, आणि आपल्या दमट हवेने वर हिरवा गंज चढवलेला. दहा वायरींच्या अशा स्वस्त पाकिटांवर माझा यापुढे विश्वास नाही; एलईडी पेटवण्यापुरत्या त्या ठीक आहेत. लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून दीड चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड वायर आणि पितळी कनेक्टर आणले. आता सप्लायवर १२.० व्होल्ट व २.९५ अँपिअर, तारेवर ११.८ व्होल्ट; म्हणजे ३४.८ वॅट. काल रात्री खिडकी उघडी ठेवून कापलेल्या पंखाची कड बोटाला लोण्यासारखी लागली. दुकानदाराची माफी शनिवारी मागणार आहे.

पुढचा बेत ५५५ या टायमर चिपवर पीडब्ल्यूएम करून, म्हणजे करंट झपाट्याने चालू-बंद करून, उष्णता कमी-जास्त करण्याचा होता, पण हे लिहिता लिहिताच त्यातली गोम लक्षात आली. तार अर्धा वेळ चालू ठेवली तर मल्टिमीटरची डीसी रेंज सरासरी दाखवणार, ६ व्होल्ट आणि १.५ अँपिअर, गुणाकार ९ वॅट येईल आणि तार प्रत्यक्षात १८ वॅट खात असेल. पुन्हा भलत्याच आकड्यांशी झटापट करण्याची माझी तयारी नाही. त्यामुळे अर्धवट सोल्डर केलेला ५५५ चा बोर्ड खणात गेला आहे आणि ५ अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारे सर्किट) घेतो आहे, म्हणजे सपाट डीसी मिळेल. नायक्रोमला सोल्डर धरत नाही, म्हणून व्होल्टमीटरच्या दोन बारीक वायरी कनेक्टरच्या त्याच स्क्रूंखाली दाबून कायमच्या बाहेर काढल्या आहेत.