६६ चा बो, मग स्ट्रिंग कितीची? माझा अनुभव

तिरंदाजीच्या बोची, म्हणजे धनुष्याची, स्ट्रिंग (दोरी) मागवायच्या फॉर्मवरच्या एका ‘साईझ’ नावाच्या रकान्यापायी माझे सतरा दिवस, साडेतेराशे रुपये आणि लेकीचा ऐन स्पर्धेआधीचा सराव गेला. आता सगळं मार्गी लागलंय, पण राग काही जात नाही. म्हणून लिहितेय, निदान दुसऱ्या कुणाच्या पोरीच्या हातावर तसा वळ उठू नये.

आम्ही ऐरोलीला राहतो. २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियन झाली, वय वर्षं १७, तेव्हापासून आमच्या घरात तिरंदाजी शिरली ती शिरलीच. अदिती कंपाउंड खेळते, चाकं असलेलं धनुष्य, त्याची स्ट्रिंग घरी बदलायची नसते, त्याला प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून धरणारं यंत्र, लागतो. माझी मुलगी रिकर्व्ह शिकतेय, टोकं पुढे वळलेलं, बिनचाकाचं धनुष्य. बो ६६ इंचाचा, रायझर, म्हणजे मधला मुठीचा भाग, लाकडी, लिम्ब्स, म्हणजे वरखालचे वाकणारे भाग, २४ पाउंडाचे (ओढायला लागणारा जोर). तयारी, क्लब, सर, सगळं छान जमलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तर जूनमध्ये सरांनी स्ट्रिंग हातात घेतली आणि मधल्या भागावर, जिथे बाण लावतात तिथे, नख फिरवून दाखवलं. वरून घट्ट गुंडाळलेला जो दोरा असतो, त्याला सर्व्हिंग म्हणतात, तो उसवला होता आणि आतल्या दोन तारा तुटून केसासारख्या उभ्या राहिल्या होत्या. सर म्हणाले, आजपासून ही बंद, ताण असताना तुटली तर लिम्ब पण जाईल. मी त्याच संध्याकाळी ती केराच्या डब्यात टाकली. इथेच पहिली गोष्ट सांगून ठेवते, जुनी स्ट्रिंग नवीन बसेपर्यंत फेकू नका, तुमच्या बोला लागणाऱ्या स्ट्रिंगचं खरं माप तिच्यावरूनच कळतं.

ठाण्याला पश्चिमेला एक स्पोर्ट्सचं दुकान आहे, तिरंदाजीचं सामान मागवून देतात. नाव लिहीत नाही. लोकल पकडून गेले. तिथे एक फॉर्म, त्यात नाव, फोन, रंग आणि ‘साईझ’. दादांना विचारलं साईझ म्हणजे काय लिहू, ते म्हणाले बो कितीचा? म्हटलं ६६. मग ६६ लिहा. लिहिलं. साडेसहाशे रुपये भरले. नऊ दिवसांनी आली.

घरी आणून चढवली तर ढिली. म्हणजे लिम्ब जवळजवळ वाकलेच नाहीत, दोरी नुसती लोंबत होती. दुकानात फोन केला तर म्हणे, पीळ द्या मॅडम, पीळ दिला की लांबी कमी होते. हे खरं आहे, पीळ दिला की स्ट्रिंग आखडते, पण त्याला काही सुमार असतो, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं. शनिवारी आम्ही दोघी बाल्कनीत बसून खालचा लूप, म्हणजे स्ट्रिंगच्या टोकाचा फास, काढून काढून पीळ देत होतो, साठ झाले, सत्तर झाले, स्ट्रिंगला ओल्या टॉवेलसारख्या गाठी यायला लागल्या. तरी ब्रेस हाईट सहाच्या आसपासच. ब्रेस हाईट म्हणजे ग्रिपच्या सगळ्यात खोल भागापासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर, ६६ च्या बोला ते साधारण साडेआठ इंच हवं. रविवारी सर यायच्या आधीच पोरीने उत्साहात तीन बाण मारले. तिसऱ्याला स्ट्रिंग हातावरचं गार्ड ओलांडून कोपराखाली अशी बसली की वळ उठला, आधी लाल आणि संध्याकाळपर्यंत काळानिळा. ती रडली नाही, हात मागे लपवून उभी राहिली. तेच मला जास्त लागलं.

सरांनी स्टीलची टेप काढली. स्ट्रिंग उतरवली, पीळ उलगडला, एका लूपच्या टोकापासून दुसऱ्या लूपच्या टोकापर्यंत ताणून मोजली. बरोबर ६६. म्हणाले, अहो ताई, बो ६६ चा असला की स्ट्रिंग तीन साडेतीन इंच कमी लागते, ६२.५ ते ६३.

सोमवारी परत ठाणे. दुकानात म्हणे, साईझ तुम्हीच दिली होती, तुमच्या अक्षरात आहे. अक्षर माझंच, पण सांगितलं कुणी? परत घेणार नाही, कारण चढवून बघितली. बरं, मग ६३ ची द्या. परत तोच फॉर्म, तोच रकाना, मी ६३ लिहिलं, सातशे रुपये भरले, ही म्हणे चांगल्या कंपनीची तयार पाकिटातली. आठ दिवस गेले. स्पर्धेला आता ११ दिवस उरलेले.

ही दुसरी स्ट्रिंग बोला चढेचना. आम्ही स्ट्रिंगर, म्हणजे स्ट्रिंग चढवायची जाड दोरी, वापरतो, तो पायाखाली धरून बो वर ओढायचा, रोज पोर एकटी करते, त्या दिवशी माझा हात लावूनही लूप लिम्बच्या टोकावरच्या खाचेच्या दोन बोटं मागेच राहत होता. आणखी जोर लावणार तेवढ्यात सरांचा व्हिडिओ कॉल आला आणि ते ओरडलेच, थांबा, लिम्ब पिरगळेल. मोजा म्हणाले. मोजली तर ६०.

मी पाकीट घेऊन परत दुकानात. दादा पाकिटावर बोट ठेवून दाखवत होते, हे बघा ६३ लिहिलंय. होय, लिहिलं होतं. पण ६३ च्या आधी बारीक अक्षरात ‘एएमओ’ असं होतं. हे काय विचारलं तर, कंपनीचं काहीतरी असतं. काहीतरी! रोज विकता हे सामान आणि काहीतरी?

ते काय असतं हे सरांनी सांगितलं, आणि माझ्या मते हे प्रत्येक पालकाला पहिल्या दिवशी सांगायला हवं. एएमओ ही धनुष्य बनवणाऱ्या कंपन्यांनी ठरवलेली मोजायची पद्धत. पाकिटावर ‘एएमओ ६३’ असेल तर ती स्ट्रिंग ६३ इंचाच्या बोसाठी आहे, स्ट्रिंग स्वतः त्याहून तीन इंच कमी, म्हणजे ६०. म्हणजे पाकिटातली घ्यायची तर आम्हाला ‘एएमओ ६६’ मागायला हवी होती. आणि हाताने बनवून देणाऱ्याकडे सांगताना मात्र प्रत्यक्ष लांबी सांगायची, कारण तो तुम्ही म्हणाल तेवढीच बनवतो. पहिली स्ट्रिंग हातची होती, दुसरी पाकिटातली. एकाच दुकानात, एकाच फॉर्मवर, एकाच रकान्यात दोन वेगळ्या भाषा, आणि विचारणाऱ्याला माहीत नाही, विकणाऱ्याला माहीत करून घ्यायचं नाही. त्या फॉर्मवर ‘बोची लांबी’ आणि ‘स्ट्रिंगची प्रत्यक्ष लांबी’ असे दोन रकाने केले तर काय बिघडेल? मी हे दादांना शांतपणे सांगितलं, त्यांनी मान हलवली. मागच्या आठवड्यात गेले होते, फॉर्म तोच आहे.

वर दादांचा सल्ला काय, तर ‘फास्ट फ्लाइट (हा स्ट्रिंगच्या धाग्याचा एक प्रकार) घ्या, बाण जोरात जातो’. नाही घेतली, आणि ते बरंच केलं. असल्या स्ट्रिंगा जवळजवळ ताणतच नाहीत, त्यामुळे बाण सोडल्यावरचा झटका सरळ लिम्बच्या टोकावर जातो. ज्या लिम्बची टोकं त्यासाठी मजबूत केलेली आहेत त्यांनाच ती चालते. शिकाऊ लाकडी बोला डॅक्रॉन नावाच्या धाग्याची. डॅक्रॉन थोडी ताणते, वेग जरा कमी, पण झटका पोटात घेते. तुमच्या लिम्बवर किंवा माहितीपत्रकात काय लिहिलंय ते बघा, दुकानदाराचं ऐकू नका.

शेवटी सरांच्या ओळखीतल्या एका जुन्या खेळाडूकडून बनवून घेतली, ते कोपरखैरण्याला घरीच बनवतात. त्यांनी फोनवरच पाच प्रश्न विचारले: बो कितीचा, लिम्ब किती पाउंडाचे, टोकं कशी, प्रत्यक्ष लांबी किती, आणि बाणाचा नॉक, म्हणजे स्ट्रिंगवर बसणारी मागची खाच, कुठला. मला इतकं बरं वाटलं ना, कुणीतरी विचारतंय! डॅक्रॉन, १२ तारा, ६२.५ इंच, दोन दिवसांत तयार.

नॉकचं का विचारतात तेही कळलं. तारा जास्त झाल्या किंवा सर्व्हिंगचा दोरा जाड झाला की बाणाची खाच स्ट्रिंगवर गच्च बसते आणि सुटताना अडते. त्यांनी करून दाखवलं, स्ट्रिंग आडवी धरायची, बाण टक्कन लावून खाली लोंबता सोडायचा, पडता कामा नये, मग स्ट्रिंगवर बोटाने हलकी टिचकी मारायची, लगेच पडला पाहिजे. आमचा दुसऱ्या टिचकीला पडला तर त्यांनी सर्व्हिंग सोडून बारीक दोऱ्याने पुन्हा गुंडाळलं. अर्धा तास गेला, एक शब्द न बोलता.

नवीन डॅक्रॉन पहिले काही दिवस वाढते. आमची ब्रेस हाईट पहिल्या संध्याकाळी साडेआठच्या किंचित वर होती, शंभरेक बाण मारल्यावर सव्वाआठला आली, मग सहा पीळ वाढवले. पीळ सर्व्हिंग ज्या दिशेने गुंडाळलंय त्याच दिशेने द्या, उलटा दिला तर सर्व्हिंग सैल होतं. नॉकिंग पॉइंट, म्हणजे बाण लावायच्या जागेची खूण, त्यानंतरच पक्का करा, आधी केलात तर पुन्हा सरकवावा लागतो. आणि हो, मोजायला शिवणाची टेप नको, ती ताणते, स्टीलचीच घ्या. वॅक्स तारांवर लावून बोटांनी गरम होईपर्यंत चोळायचं, सर्व्हिंगवर नाही.

स्पर्धेत ती आठवी आली. वळ तोवर पिवळा पडला होता. कोपरखैरण्याहून आम्ही दोन स्ट्रिंगा आणल्या होत्या, तशाच मापाच्या. दुसरीवर तिने शंभर बाण मारून, पीळ बसवून, नॉकिंग पॉइंट बांधून घेतलाय आणि झिपच्या पिशवीत ठेवून वर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय: प्रत्यक्ष लांबी ६२.५, डॅक्रॉन, १२ तारा.